कुठल्या लाकडाची आच जास्त? किलोवर मोजावं की ढिगावर?

फुंकणी
मंडळी, जळणाचा प्रश्न आहे. समोर तीन ढीग आहेत: बाभूळ, आंबा आणि निलगिरी. बाभूळ नुकतीच तोडलेली आहे, आंबा बरेच महिने पत्र्याखाली पडून आहे, निलगिरी कधीची ते माहीत नाही. जळण दोन कामांना लागणार. एक पाणी तापवायचा बंब, दुसरी खोली ऊबदार ठेवणारी बंद लोखंडी शेगडी.

बाभळीच्या आचेला तोड नाही असंच सगळीकडे ऐकत आलोय. पण परवा उष्मांकाचं कोष्टक चाळलं तर बहुतेक लाकडं किलोला ४५०० ते ५००० किलोकॅलरी यातच बसतात. म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या नंबरात दहा टक्क्यांचं अंतर. मग बाभळीचा एवढा बोलबाला कशासाठी, आणि काटेसावरीचं नाव काढलं की लोक नाक का मुरडतात? कोष्टक खोटं की लोक खोटे?

टवाळ_काजळी
चुलीत घाला ती कोष्टकं. (शब्दशः घ्या. कोरडा कागद झकास पेटतो.)

जुनं_खोड
कोष्टक करणाऱ्याने चूल फुंकलेली दिसत नाही. बाभूळ, खैर, चिंच, सुरू ही निखारा धरणारी लाकडं. रात्री राखेखाली निखारा दडपून ठेवला तर सकाळी फुंकर मारून त्यावरच जाळ करता येतो. सावर, पांगारा, शेवगा यांचं जळण म्हणजे भडका आणि संपलं. हात शेकायला पुढे करावा तोवर राख. यात दहा टक्के कुठून आले ते तुम्हीच बघा.

वाचनमात्र
खोडकाकांशी सहमत. पुढच्या प्रतिसादांच्या प्रतीक्षेत.

कॅलरीमापक
काका, त्याने चूल फुंकली नसेल, पण लाकूड मात्र नक्की जाळलेलं असतं. फक्त चुलीत नाही. हे काम मी केलेलं आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लाकडाचा भुसा करून तो भट्टीत पूर्ण वाळवतात, त्याची साधारण एक ग्रॅमची गोळी दाबतात. ती पोलादी भांड्यात ठेवून आत सुमारे ३० वातावरण दाबाने शुद्ध ऑक्सिजन भरतात. भांडं पाण्यात बुडवतात, विजेच्या तारेने गोळी पेटवतात आणि बाहेरचं पाणी किती अंशाने तापलं ते मोजतात. उपकरणाचं नाव बॉम्ब कॅलरीमापी, पण आवाज काहीच होत नाही, नवख्यांची निराशा होते. मोजमाप बरोबर येतंय ना हे बघायला बेंझोइक आम्ल जाळतात, कारण त्याची उष्णता नेमकी माहीत आहे, किलोला २६.४ मेगाज्यूल.

आता लाकडं सारखी का येतात ते. लाकूड म्हणजे पेशींच्या भिंती आणि मधल्या पोकळ्या. भिंतीचा माल सगळीकडे जवळपास एकच: सेल्युलोज, हेमिसेल्युलोज, लिग्निन. पहिले दोन किलोला साधारण १७-१८ मेगाज्यूल देतात, लिग्निन २५-२६. लिग्निनचं प्रमाण थोडं वरखाली झालं की आकडा थोडा हलतो. राळेची उष्णता त्याहून बरीच जास्त, ३५च्या वर. म्हणून चीड-देवदार किलोमागे रुंदपानी झाडांपेक्षा थोडे पुढेच असतात. "हलकं लाकूड म्हणजे कमी उष्मांक" हे किलोच्या हिशेबात खरं नाही.

थोडक्यात, कोष्टक वाळलेल्या एका किलोचं आहे. काका बोलताहेत ते एका फोडीबद्दल. दोघंही बरोबर.

फुंकणी
म्हणजे वजनावर घेतलं तर काहीही उचला, सारखंच?

रंधा
थांबा, घाई नको. सुतारकामातला माणूस म्हणून सांगतो, आधी घनता बघा.

पेशीभिंतीच्या मालाची घनता जवळपास सगळ्या लाकडांत १.५ धरतात, पाण्याच्या दीडपट. फरक पडतो तो पोकळीत. सावरीचं वाळलेलं लाकूड ०.३५च्या आसपास, आंबा ०.६, साग ०.६५, बाभूळ ०.७५ ते ०.८, सुरू त्याहून वर. अंजन तर पाण्यात टाकलं की तळाला. निलगिरीचं मी काही ठाम सांगत नाही, जातीप्रमाणे ०.६ ते ०.८५ काहीही निघतं.

तेव्हा सावरीचा आणि बाभळीचा एकाच मापाचा ओंडका घेतला तर बाभळीत जळायला दुपटीहून जास्त माल आहे. काकांचा हात शेकला जातो तो या मालाने. किलोला किती कॅलरी हे त्या हाताला कळत नाही.

ढिगावर घेत असाल तर मधली हवासुद्धा तुम्ही घेताय हे लक्षात ठेवा. नीट रचलेल्या एक घनमीटर थप्पीत लाकूड भरतं ०.६ ते ०.७ घनमीटर. वेडेवाकडे फाटे असले तर त्याहूनही कमी. बाभळीचे फाटे सरळ निघाले तर मला कळवा.

ठिणगी
बाभळीचे फाटे सरळ... 😂

धुरकट
वरची सगळी चर्चा वाळलेल्या लाकडाची चालली आहे. धागाकर्त्याची बाभूळ नुकतीच तोडलेली आहे! ताज्या लाकडात निम्मं पाणी असतं. त्या पाण्याची वाफ करण्यातच बहुतेक उष्णता खर्च होते, पदरात काही पडत नाही. ओली बाभूळ आणि वाळकी सावर असा सामना लावला तर माझी पैज सावरीवर.

कॅलरीमापक
धुरकट, निष्कर्षाशी सहमत, कारणाशी नाही. गणितच मांडतो.

एक किलो पूर्ण कोरडं लाकूड चुलीत सुमारे ४४०० किलोकॅलरी देतं. (कोष्टकापेक्षा कमी का? लाकडातल्या हायड्रोजनचं जळून पाणी होतं, कोरड्या किलोमागे अर्धा किलोहून थोडं जास्तच, आणि ते वाफ होऊन धुराड्यातून जातं. बॉम्बमध्ये ती वाफ पुन्हा थंड होते आणि तिची उष्णता मोजली जाते.) एक किलो पाण्याची वाफ करायला लागतात सुमारे ५८० किलोकॅलरी.

फोड ताजी असताना तिच्यात एक किलो कोरडा माल आणि एक किलो पाणी आहे असं धरा. मिळाले ४४०० वजा ५८०, म्हणजे ३८२०. तीच फोड वाळून पाव किलो पाणी उरलं: ४४०० वजा १४५, म्हणजे ४२५५. फरक फक्त दहा टक्क्यांचा. "बहुतेक उष्णता वाफेत" कुठेच दिसत नाही.

आता हेच वजनावर बघा. ओली फोड दोन किलोची, किलोला १९१०. वाळलेली सव्वा किलोची, किलोला ३४००. हा फरक प्रचंड आहे, पण त्याचं मुख्य कारण वाफ नाही. तुम्ही पाणी तोलून घेतलंत हे आहे.

धुरकट
गणित छान आहे. पण माझी शेगडी गणित वाचत नाही. ओलं लाकूड टाकलं की खोली गार आणि डोळे लाल. दहा टक्क्यांच्या फरकाने असं होत नसतं. वाळक्याची दहा टक्के कमी लाकडं टाकून बघा, खोली काही गार पडत नाही.

आवेवाली
धुरकट, तुमचा अनुभव अगदी खरा आहे आणि कॅलरीमापकांचं गणितही. मधली एक पायरी राहून गेली आहे. मी मातीची भांडी भाजते, लाकडावरच, त्यामुळे ज्वाळेकडे तासन्‌तास बघणं हा माझा धंदाच आहे.

लाकूड सरळ जळत नाही. ते आधी तापतं, त्यातून वायू सुटतात, आणि ज्वाळा दिसते ती त्या वायूंची. कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग असा वायू होऊन बाहेर पडतो, उरतो तो कोळसा, म्हणजे आपला निखारा. हे वायू पेटायला पुरेसं तापमान लागतं. लाकडात पाणी असेपर्यंत आतला भाग शंभर अंशांच्या वर सरकतच नाही. बाहेरचा थर वायू सोडतोय, आतून वाफ येतेय, वाफेने जाळ विझत-विझत चाललाय. मग वायू न पेटताच निघून जातात. पांढरा-पिवळा दाट धूर म्हणजे न जळलेलं सरपण. धुरकट, तुमची उष्णता वाफेने कमी नेली, धुराने जास्त नेली.

त्यात भर म्हणजे तोच धूर थंड धुराड्यात जाऊन भिंतीला डांबरासारखा चिकटतो. पुढे कधीतरी मोठा जाळ केला की तो थर पेटतो, मग धुराडंच पेटतं. दोष चिडाच्या राळेला देतात, पण वाळलेलं चीड मोकळ्या हवेवर जळलं तर एवढं चिकटत नाही. ओलं कुठलंही लाकूड दडपून जाळलं तर चिकटतंच.

कॅलरीमापक
+१. माझं गणित "सगळं पूर्ण जळलं तर" या अटीवरचं होतं. ती अट चुलीत पाळली जात नाही, हे आवेवालीताईंनी माझ्यापेक्षा नीट सांगितलं.

टवाळ_काजळी
म्हणजे "सुक्याबरोबर ओलंही जळतं" हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालं म्हणायचं का?

आवेवाली
झालं की! सुक्याचा जाळ चांगला पेटलेला असेल तर मधे एखादी ओलसर फोड खपून जाते, शेजारचं तापमान तिचे वायू पेटवून देतं. फक्त प्रमाण उलटं झालं की ओल्याबरोबर सुकंही विझतं.

रंधा
धुरकट, "ताज्या लाकडात निम्मं पाणी" हे सरसकट म्हणू नका. पाणी मावायला जागा लागते. बाभळीसारख्या जड लाकडात पोकळीच कमी. ताज्या अवस्थेतल्या एक घनमीटरमध्ये ८०० किलो कोरडा माल असेल तर उरलेल्या जागेत पाणी मावून मावून मावणार सुमारे ४८० किलो. म्हणजे अगदी तुडुंब भरलं तरी एकूण वजनाच्या ३७-३८ टक्के. घनता ०.७ धरा, ४४ टक्के. सावरीचं उलट. ०.३५ घनतेला ती कोरड्या वजनाच्या दुपटीहून जास्त पाणी पिऊ शकते, एकूण वजनाच्या ६९ टक्क्यांपर्यंत.

म्हणून ताजी सावर आणि ताजी बाभूळ वजनावर घेतली तर बाभूळ सरस ठरते. कोष्टकात दोघी सारख्याच असल्या तरी.

फुंकणी
हा मुद्दा डोक्यात आलाच नव्हता. म्हणजे "वजनावर सगळी सारखी" हे फक्त सारख्या ओलीला लागू.

जुनं_खोड
एवढ्या गणिताने आम्हीही बाभळीवरच आलो. पायवाटेने आधीच पोचलो होतो.

टवाळ_काजळी
काका 🙏

ठिणगी
माझ्याकडे ओल मोजायचं यंत्र आहे, दोन टोच्यांचं. त्याचा आकडा वाचताना एक भानगड आहे. बरीचशी यंत्रं पाणी भागिले कोरडं लाकूड दाखवतात, तर जळणाच्या हिशेबात पाणी भागिले एकूण वजन घेतात. यंत्रावरचे २५ म्हणजे जळणाच्या हिशेबातले २०. यंत्रावर १०० आले तर ते ५०. लोक दोन्हींची सरमिसळ करून एकमेकांना खोटं ठरवत बसतात. शिवाय टोचे वरच्या थरातली ओल दाखवतात. फोड मधून चिरायची आणि ताज्या तोंडावर टोचायची, तरच अर्थ आहे.

यंत्र नसेल तर साधा वजनकाटा पुरे. दोन-तीन फोडींवर खडूने खूण करा, अधूनमधून वजन करा. वजन उतरायचं थांबलं की त्या हवेत जेवढं वाळायचं तेवढं वाळलं. आणि ते शून्यावर कधीच येत नाही. हवेत ८० टक्के आर्द्रता असेल तर लाकूड कोरड्या वजनाच्या १६ टक्क्यांच्या आसपास थांबतं. दमट हवेत बाहेर आणून ठेवलं तर वाळलेलं लाकूड पाणी परत घेतं.

धुरकट
दोन फोडी एकमेकींवर आपटून ऐकायचं. वाळलेली टणत्कारते, ओली बद्द वाजते. यंत्राला बॅटरी लागते.

ठिणगी
कानाला अनुभव लागतो, धुरकटराव. तो दुकानात मिळत नाही.

अवांतरवीर
अवांतर आहे पण राहवत नाही. हे मोजायचा खटाटोप खूप जुना आहे. फिलाडेल्फियात मार्कस बुल नावाच्या गृहस्थांनी १८२६मध्ये लाकडांच्या तुलनेचे प्रयोग तिथल्या अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे मांडले. बॉम्ब कॅलरीमापी तेव्हा नव्हता. त्यांनी खोलीच्या आत खोली बांधली, आतली खोली बाहेरच्या खोलीपेक्षा ठराविक अंशांनी गरम राहील अशी शेगडी चालवली, आणि ठराविक वजनाचं लाकूड ती गरमी किती वेळ टिकवतं ते मोजलं. हिकरी लाकडाला १०० गुण देऊन बाकीच्यांना तिच्या तुलनेत बसवलं.

मला यातलं आवडतं ते हे की फुंकणीरावांना हवंय तेच त्यांनी मोजलं: खोली किती वेळ ऊबदार राहते.

कॅलरीमापक
मस्त माहिती. आणि त्यात शेगडीची गळतीही आपोआप धरली जाते. आमच्या बॉम्बमध्ये ती दिसत नाही.

काडेपेटी
मला एक कळत नाहीये. उष्णता सारखी असेल तर बाभळीचा निखारा जास्त वेळ का टिकतो? आणि कोणी म्हणतं जाळ मोठा म्हणजे आच जास्त. मग सावरीचा जाळ तर मोठा असतो!

आवेवाली
काडेपेटी, एकूण उष्णता आणि ती सुटण्याचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टाकीत पाणी तेवढंच असलं तरी नळ किती उघडला यावर धार ठरते. सावर हलकी, सच्छिद्र, लवकर तापते, वायू भराभर सोडते. जाळ उंच होतो आणि खेळ लवकर आटोपतो. बाभूळ आत उष्णता शोषत सावकाश सोडते. तिचा निखाराही घट्ट. त्याच आकाराच्या निखाऱ्यात कार्बन जास्त, म्हणून तो जास्त वेळ तग धरतो.

आता माझ्या आव्यात काय होतं बघा. सुरुवातीला मला मंद, लांबणारी आच हवी, नाहीतर भांडी तडकतात. तेव्हा जाड, जड ओंडके. शेवटी तापमान वर चढवायचं असतं तेव्हा मात्र बाभळीचा ठोकळा कामाचा नाही. निखाऱ्यांचा थर साचतो, हवेची वाट अडते, आणि तापमान एका जागी रुतून बसतं. तेव्हा हलक्या, खडखडीत वाळलेल्या, बोटभर जाडीच्या चिपा लागतात. लांब ज्वाळा भांड्यांमधून फिरली पाहिजे. "वाईट" लाकूड तिथे सगळ्यात चांगलं. म्हणून कोणी "सगळ्यात चांगलं जळण कोणतं" असं विचारलं की मी उलट विचारते, कशासाठी?

रंधा
आणि बाभूळ बोटभर जाडीची फोडली तर तीही भडकते. जाडीचा परिणाम जातीपेक्षा मोठा असतो. जाड तुळया आगीत मिनिटाला अर्धा ते पाऊण मिलिमीटर एवढ्याच वेगाने कोळसतात, कारण वरचा कोळशाचा थर आतल्या लाकडाला जपतो. दोन इंची फोड आणि सहा इंची ओंडका यांची तुलना करून त्याला "जातीचा गुण" म्हणायचं हे मी फार ऐकलं आहे.

जुनं_खोड
आवेवालीबाई, हे पटलं. पाणी लवकर तापवायचं तर आम्हीही बारीक काटक्याच घालायचो, ओंडका नंतर. सुरूबद्दल फारसं कोणी बोललं नाही. ती ओली असतानाही बरी पेटते. का ते विद्वानांनी सांगावं.

कॅलरीमापक
रंधा यांचाच मुद्दा थोडाफार लागू पडेल काका, जड लाकूड म्हणजे कोरड्या मालामागे पाणी कमी. युरोपातल्या ॲश झाडाचीही ओलं जळण्याबद्दल ख्याती आहे, त्यात तर तोडतानाच एकूण वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास पाणी असतं. पण "बरी पेटते" म्हणजे वाळकीसारखी नव्हे.

नवखा_जाळ
आमच्याकडे घराची जुनी दारं-खिडक्या निघाली आहेत, सागाची. रंग लावलेला आहे. ती जाळली तर चालतील ना? साग तर चांगला.

आवेवाली
नको! जुन्या रंगात शिसं असू शकतं. प्लायवूड, सनमायका लावलेल्या फळ्या, वाळवीचं औषध पाजलेले हिरवट खांब, हेही नाही. त्या हिरवट खांबांत आर्सेनिक असू शकतं, ते धुरात येतं आणि राखेतही उरतं. कण्हेरीच्या काटक्यासुद्धा जळणात घेऊ नका, अख्खं झाड विषारी आहे.

ठिणगी
आणि बांबू अख्खा टाकू नका. पेरांत कोंडलेली हवा आणि वाफ तापून फुगते आणि फट्ट! निखारे अंगावर. उभा चिरून टाका.

टवाळ_काजळी
ठिणगी हे नाव घेऊन ठिणग्यांपासून सावध करणारी व्यक्ती प्रथमच पाहिली.

धुरकट
अवांतरात भर. निखारे उरलेली शेगडी बंद खोलीत घेऊन झोपू नका. धूर दिसत नाही म्हणून लोकांना वाटतं धोका नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना वास ना रंग. फुंकणीराव, तुमच्या बंद शेगडीला धुराडं आहे ना?

फुंकणी
आहे, छताच्या वर काढलेलं. काळजीबद्दल आभार.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. निलगिरीच्या काही फोडींवर खूण करून ठेवली होती, त्यांचं वजन अजून उतरतंय, म्हणजे ती पुरती वाळलेली नाही. आंब्याचं वजन स्थिर आहे. आता मी काय करू, आणि बंबात-शेगडीत काय घालू?

कॅलरीमापक
तुमच्याच ढिगांचा हिशेब घ्या. आंबा आत्ता किलोला साधारण ३४०० देईल. ताजी बाभूळ, रंधांचे ३७-३८ टक्के पाणी धरून, २५०० च्या आसपास, तीही सगळं नीट जळलं तर, जे ओल्याचं होत नाही. आत्ता जाळायचं असेल तर आंबा, यात वादच नाही. बाभूळ वाळली की किलोला तीही ३४०० वर येईल, पण तेवढ्याच जागेत आंब्यापेक्षा तिसरा हिस्सा जास्त उष्णता ठेवेल (०.८ विरुद्ध ०.६). शेगडीची पेटी लहान असते. रात्रभर पुरायला त्याच पेटीत जास्त माल मावायला हवा, तो बाभळीचाच.

पण एक गोष्ट सांगतो. वीस लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला ५०० किलोकॅलरी पुरतात. त्याला एक किलो वाळलेलं लाकूड लागत असेल तर ३४०० पैकी ५००, म्हणजे पंधरा टक्केच पाण्यात गेले. तीन दगडांची उघडी चूल एवढीच देते, दहा ते पंधरा टक्के. चांगली बंद शेगडी सत्तरच्या वर जाते. तेव्हा जातीवरून भांडण्याआधी बंबाची जाळी आणि नळी साफ आहे का ते बघा.

टवाळ_काजळी
आमचा बंब निःपक्षपाती आहे. कुठलंही लाकूड घाला, समान धूर देतो.

आवेवाली
टवाळ, मग हवा कमी पडतेय. एक किलो कोरड्या लाकडाला किमान सहा किलो हवा लागते. जाळीखालची राख काढा, लाकूड ठासून भरू नका. आणि दार सताड उघडंही ठेवू नका, जादा हवा गरमी घेऊन धुराड्यातून निघून जाते.

फुंकणीराव, बंबाला आंब्याच्या बारीक फोडी. शेगडी आंब्यावर पेटवायची, आणि पुढच्या थंडीत रात्री झोपण्यापूर्वी निखाऱ्यावर बाभळीचा ओंडका ठेवायचा. निलगिरी पुरती वाळली की मधे कुठेही.

जुनं_खोड
शेवटी बाभूळच. 🙂

फुंकणी
काका जिंकले. बाभूळ ओंडके तसेच रचून ठेवू का? साल काढू का?

रंधा
तशीच ठेवलीत तर पुढच्या वर्षीही हाच धागा वर काढाल. पाणी दोऱ्याच्या दिशेने, म्हणजे टोकांकडून भराभर बाहेर पडतं, आडवं फार सावकाश, आणि साल तर पाणी अडवण्यासाठीच असते. म्हणून लांबी कमी करा, शेगडीत मावेल तेवढीच, आणि मधून फोडा. एकदा फोडलं की साल सोलत बसायची गरज नाही. सालीत राख लाकडापेक्षा जास्त निघते इतकंच.

थप्पी जमिनीवर नको, खाली दोन आडवे वासे टाका. वरून पत्रा, बाजू उघड्या. प्लास्टिकने चारही बाजूंनी गुंडाळू नका, आत बुरशी धरते. आणि कुजलेलं लाकूड म्हणजे माल गेलेलं लाकूड.

फुंकणी
फोडायला आत्ता घेऊ की थोडी वाळू देऊ? कुऱ्हाड रुतून बसतेय.

रंधा
आत्ताच. बाभूळ आणि निलगिरी वाळल्या की दगड होतात, आणि निलगिरीचे दोरे पीळ घातल्यासारखे असतात, मग पाचरही दाद देत नाही. ओंडक्याच्या मधोमध घाव घालू नका. कडेने सुरुवात करा, हातात मावतील अशा जाडीच्या फळ्या काढत आत या, गाठ आली की ती बाजूला ठेवून पुढे चला. टोकाला आधीच बारीक भेग दिसत असेल तर पाचर तिच्यातच बसवा. न फुटणाऱ्या गाठी वेगळ्या रचा, त्या वाळायला जास्त वेळ घेतील.